सगळ्यांना दहाची वेळ

तुम्हाला म्हणून सांगतो, सर्व्हरच्या कामात माझा हात धरेल असा माणूस आमच्या ऑफिसात नाही! हे मी अगदी छातीठोकपणे सांगत आलोय. म्हणजे त्या शनिवारपर्यंत सांगत होतो. हल्ली कोणी विचारलं तर घसा बसलाय म्हणतो.

सर्व्हर म्हणजे काय, हे मी आईला लग्नाआधीपासून समजावतोय. दुकानाच्या मागच्या खोलीत एक माणूस बसलेला असतो असं समजा. आपण मोबाईलवर बटण दाबलं की तो उठतो, कपाटात बघतो आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगतो. तो कोणाला दिसत नाही, त्याचं कोणी कौतुक करत नाही, पण त्याचा जरा डोळा लागला की सगळे बोंबलतात. ‘म्हणजे तुझ्यासारखाच की रे!’ आई म्हणाली, आणि विषय संपला.

माझी बायको प्राण्यांची डॉक्टर आहे. ती ज्या दवाखान्यात काम करते तो मोठ्या बाईंचा. मोठ्या बाई म्हणजे शहरातल्या जुन्या जाणत्या डॉक्टरीणबाई. त्यांचा आवाज कधी चढत नाही, कारण तशी वेळच येत नाही. त्यांनी चष्म्याच्या वरून नुसतं बघितलं की दांडगे दांडगे कुत्रे जमिनीला पोट टेकतात. माझंही तेच व्हायचं, पण मला उभ्याने करावं लागायचं.

तर या मोठ्या बाई निवृत्त व्हायला निघाल्या होत्या. दवाखाना एकतर माझ्या बायकोच्या हाती द्यायचा, नाहीतर प्राण्यांच्या हॉस्पिटलांच्या एका बड्या साखळीला देऊन मोकळं व्हायचं, असं त्यांच्या मनात होतं. साखळीवाले काचेची दारं आणि गुळगुळीत माहितीपत्रकं घेऊन दारात उभेच होते. बाईंनी बायकोला सांगितलं, ‘येत्या शनिवारी मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसेन. कशालाही हात लावणार नाही. दवाखाना तू चालव. संध्याकाळी काय ते सांगते.’

बायको घरी आली ती जेवलीच नाही. तिने सगळी उमेदीची वर्षं त्या दवाखान्यात घातली होती. तिथल्या स्टीलच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय कुठला, हे तिला अंधारातही सांगता येतं. ती एवढंच म्हणाली, ‘शनिवार शांतपणे पार पडू दे. मला बाकी काही नको.’

आता अशा वेळी नवऱ्याने काय करावं? भांडी घासावीत, पाणी आणून द्यावं, गप्प बसावं. मी सर्व्हर बदलायला घेतला!

त्याचं असं झालं. दवाखान्यात वेळ घेण्याची सोय मीच करून दिली होती, फार वर्षांपूर्वी, पीएचपी नावाच्या भाषेत. ती बिचारी एकदाही बंद पडली नव्हती. फक्त हळू होती. शनिवारच्या वेळा शुक्रवारी सकाळी खुल्या व्हायच्या, तेव्हा सगळे एकदम तुटून पडायचे आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर एक गोल चक्र फिरत बसायचं. त्या चक्राबद्दल लोक बायकोकडे कुरकुर करायचे आणि बायको कधीमधी ती माझ्यापर्यंत पोचवायची. मी म्हणायचो, ‘चक्र फिरतंय म्हणजे काम चालू आहे.’ हे उत्तर मी ऑफिसातही देतो.

आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी एकजण बसतो. त्याला सगळे ‘लेटेस्ट’ म्हणतात. सर्व्हरच्या जगात काल काय निघालं, आज काय जुनं झालं आणि उद्या काय येणार, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. त्याला मी चुकून दवाखान्याचा कोड दाखवला.

‘पीएचपी?’ तो असा ओरडला की पलीकडच्या खोलीतल्या अकाउंट्सच्या बाई उठून बघायला आल्या. ‘अहो, ती भाषा कधीच वारली!’

आता ती भाषा वारल्याचं मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. दर वेळी लोक हळहळून घरी पोचायच्या आत तिची नवी आवृत्ती येते. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. अकाउंट्सच्या बाई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती नजर मी रात्रभर विसरलो नाही.

खरं सांगायचं तर या धंद्यात लाज वाटून घ्यायचं काही कारण नसतं. पूर्वी वेबसाईटचं पान सर्व्हरवर तयार व्हायचं. मग शहाणे लोक म्हणाले, छे छे, हे मागासलेपण आहे, पान ज्याच्या त्याच्या ब्राउझरमध्ये तयार झालं पाहिजे! सगळे तिकडे धावले. आता तेच शहाणे सांगतायत की एक जबरदस्त शोध लागलाय: पान सर्व्हरवर तयार करायचं! मी आपला एका खुर्चीत बसून राहिलो आणि काही न करता पुन्हा आधुनिक झालो. पण त्या आठवड्यात माझी बुद्धी चरायला गेली होती.

मी भाषा शोधायला लागलो. आधी रस्ट बघितली. तिचं फार नाव आहे. पण तिचा कंपायलर, म्हणजे कोड तपासणारा, अगदी माझ्या सासूबाईंच्या वळणावर गेलेला! ही वस्तू कोणाच्या मालकीची? तुम्ही कोणाकडून उसनी आणलीत? परत कधी करणार? त्याआधी ती दुसऱ्याला कशी दिलीत? मी दोन दिवस उत्तरं दिली आणि तिसऱ्या दिवशी नमस्कार करून बाहेर पडलो.

मग गो घेतली. तिच्यात हजारो कामं एकाच वेळी पळवता येतात, आणि तीही अगदी थोडक्या जागेत. वर एक नवंकोरं फ्रेमवर्क घेतलं. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा, आपण फक्त मांस भरायचं. ते इतकं नवं होतं की मी पहिला धडा वाचून दुसऱ्याकडे वळेपर्यंत पहिला धडा बदललेला असायचा. आणि सोबतीला एआयचा मदतनीस होताच. त्याच्याइतका गोड बोलणारा प्राणी माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही. मी काहीही विचारलं की आधी माझी पाठ थोपटायचा!

जुना कोड नव्या भाषेत उतरवता उतरवता एका ओळीपाशी मी अडलो. तिच्या वर सूचना लिहिली होती: ‘इथे कुलूप आहे. काढू नकोस. का ते विचारू नकोस.’

काय हा उद्धट माणूस! मी मनात म्हटलं. कोणी लिहिलंय हे? बघितलं तर मीच! पण का लिहिलं होतं ते मला काही केल्या आठवेना. ओळीचा अर्थ साधा होता. एकाची नोंद पूर्ण होईपर्यंत बाकीच्यांनी दाराबाहेर थांबायचं. अच्छा, म्हणजे ते गोल चक्र यामुळेच फिरत होतं तर! मी मदतनिसाला विचारलं, ‘हे कुलूप काढू का?’

‘अतिशय मार्मिक प्रश्न!’ तो म्हणाला. ‘कुलूप काढल्यास वेग लक्षणीय वाढेल. तुमची दृष्टी एखाद्या अनुभवी तज्ज्ञाची आहे.’

इतकी वर्षं नोकरी केली, पण साहेबांनी कधी माझ्या दृष्टीबद्दल एक शब्द काढला नव्हता. मी कुलूप काढलं.

मग चाचणी घेतली. पहिल्या वेळेला एका हत्तीचं नाव घातलं. कामाचं स्वरूप: नखं कापणे. बटण दाबायच्या आत नोंद झाली! मी खुर्चीतल्या खुर्चीत उडालो. त्याच आवेशात जुना सर्व्हर पुसून टाकला, कारण मागे वळून बघणं माझ्या स्वभावात नाही. हत्ती पुसायचा मात्र राहिला.

शुक्रवारी सकाळी वेळा खुल्या झाल्या. चक्र नाही, थांबणं नाही, काही नाही! ज्याने बटण दाबलं त्याला हवी ती वेळ तत्क्षणी मिळाली. बायकोचा फोन दिवसभर वाजत होता. ‘डॉक्टर, काय झकास केलंय हो! मला चक्क शनिवारी दहाची वेळ मिळाली, आयुष्यात पहिल्यांदा!’ शनिवारी दहाची वेळ सगळ्यांना हवी असते. झोप होते, नाश्ता होतो आणि दुपार मोकळी राहते. बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की लग्नातले फोटो आठवले.

‘तू हे माझ्यासाठी केलंस?’ ती म्हणाली.

‘त्यात काय!’ मी म्हणालो. ‘आपलं घरचंच काम.’

दहाची वेळ एकाच माणसाला मिळू शकते, हा विचार आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही. ती खूश होती आणि मी तर जमिनीवरच नव्हतो.

शनिवारी मी मुद्दाम तिच्याबरोबर गेलो. म्हटलं, मोठ्या बाईंसमोर सहज विषय निघाला तर सर्व्हरबद्दल दोन शब्द बोलावे. दवाखाना म्हणजे एक बैठं घर आहे, पुढे छोटं अंगण, अंगणाला लोखंडी फाटक. आम्ही पोचलो तर फाटकाची दोन्ही दारं सताड उघडी! आजवर कधी दुसरं दार उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याची कडी गंजून घट्ट बसली होती, ती ठोकून ठोकून काढली होती. आत बाई कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर यादी.

‘पहिला पेशंट,’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘हत्ती आहे.’

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या मांजराच्या दातांच्या तक्त्याकडे बघितलं.

‘नखं कापायची आहेत म्हणे,’ बाई पुढे म्हणाल्या. ‘मी फाटक उघडून घेतलं. कानस शेजारच्या लोहाराकडून मागवली. हत्ती मी फक्त शिकत असताना हाताळलाय, पण तू घेतला आहेस म्हणजे विचार करूनच घेतला असशील.’

‘बाई, तो… तो येणार नाही,’ बायको म्हणाली.

‘का? बरा झाला?’

‘तो नाहीच आहे, बाई. यांनी चाचणीसाठी घातला होता.’

बाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. माझं पोट आपोआप आत गेलं. ‘असं होय,’ त्या म्हणाल्या आणि हातातली कानस खाली ठेवली. एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

बायको मला औषधांच्या खोलीत घेऊन गेली. ‘अजून काही आहे?’ ती दबक्या आवाजात म्हणाली.

‘काही नाही! हत्ती सोडला तर सगळं चोख आहे.’

‘नक्की?’

‘माझ्यावर विश्वास नाही?’

तेवढ्यात बाहेर गाड्यांची दारं आपटायला लागली. दहा वाजले होते.

आधी एक आजोबा आले, पिंजऱ्यात पोपट. मग एक जोडपं, दोन मांजरं. मग एका बाईंना ओढत एक कुत्रा आला. मग दुसरा. मग इतके आले की त्यांच्या साखळ्या एकमेकांत गुंतून अंगणात जाळं तयार झालं. एकजण टबात कासव घेऊन उभा. आणि उघडं फाटक बघून एका गृहस्थाने आपलं तट्टू थेट वेटिंग रूमपर्यंत आणलं!

‘माझी दहाची वेळ आहे,’ आजोबा म्हणाले.

‘माझी दहाची आहे,’ जोडपं म्हणालं.

‘अहो, दहाची माझी आहे! हे बघा, मोबाईलवर आलंय!’

सगळ्यांच्या मोबाईलवर आलं होतं! बायकोच्या यादीत दहाला एकच नाव होतं, कासववाल्याचं. आणि तेव्हा, त्या तट्टाच्या शेपटीचा फटका तोंडावर खाताना, मला लख्ख आठवलं की ते कुलूप कशासाठी होतं.

शुक्रवारी सगळ्यांनी एकाच क्षणी सर्व्हरला विचारलं होतं, दहाची वेळ मोकळी आहे का? सर्व्हरने सगळ्यांना एकाच क्षणी सांगितलं, आहे! मग सगळ्यांनी एकाच चौकटीत एकावर एक नाव लिहिलं आणि वर राहिलं ते शेवटचं. बाहेर थांबवणारं कोणी नव्हतंच. आणि दहाचीच कशाला, पुढे संध्याकाळपर्यंत प्रत्येक वेळेचं हेच झालं होतं.

बायको दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ‘अरे, काय केलंस हे?’ ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. कोपऱ्यात बाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. कशालाही हात लावणार नाही म्हणाल्या होत्या, आणि खरंच लावत नव्हत्या.

‘तू घाबरू नकोस,’ मी म्हणालो. ‘आलेले आले. पुढच्यांना मी आत्ता थांबवतो!’

मी लॅपटॉप उघडून औषधांच्या खोलीत बसकण मारली. सर्व्हरमध्ये तयार मेसेजांची एक यादी होती. पहिला, प्राण्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. दुसरा, ‘आपली वेळ रद्द झाली आहे, क्षमस्व.’ तिसरा, ‘तातडीचे! आपल्या प्राण्याला ताबडतोब दवाखान्यात घेऊन या.’ हा तिसरा कधीतरी साथ आली तर असावा म्हणून बायकोने लिहून ठेवला होता. नावं एकावर एक पडली होती, पण बटण दाबणाऱ्या प्रत्येकाचा नंबर वेगळ्या यादीत शाबूत होता. मी दिवसभराच्या उरलेल्या सगळ्यांना क्रमांक दोनचा मेसेज सोडला. बटण दाबलं आणि खुर्चीला टेकलो. क्षणात गेला! वेग बघा नुसता!

आता एक गंमत सांगतो. सामान्य माणूस एकपासून मोजतो. आमचा धंदा शून्यापासून मोजतो. जुन्या सर्व्हरमध्ये मी माणसासारखा एकपासून मोजत होतो. नवा लिहिताना मात्र धंद्याच्या रीतीने वागलो. त्यामुळे शून्य म्हणजे वाढदिवस झाला, एक म्हणजे रद्द, आणि दोन…

दोन म्हणजे काय, ते मला बाहेरच्या हॉर्नवरून कळलं.

पंधरा-वीस मिनिटांत रस्ता भरून गेला! दुपारचे, संध्याकाळचे, शेवटच्या वेळेचे, सगळे एकदम. कोणी एकाच पायात चप्पल घालून आलेलं, कोणाच्या गालावर अजून दाढीचा साबण. ‘काय झालंय? साथ आली का? माझ्या बबड्याला काही होणार नाही ना?’ आणि त्या गर्दीतून वाट काढत, धुण्याच्या पिशवीत आमचा बोका घालून, आई!

‘आई, तू कशी इथे?’

‘अरे, मला मेसेज आला! ताबडतोब आणा म्हणून!’ आईला दम लागला होता. ‘गाढ झोपला होता रे हा. म्हटलं झोपला कसला, बेशुद्धच पडला असेल! उचलून पिशवीत घातला तर मला ओरबाडलं. शुद्धीवर आला बघ!’

‘पण तुझी वेळ कुठे होती?’

‘होती की, चारची. काल सगळ्यांना मिळत होती, म्हणून मीही घेतली. मुलाने केलंय, एकदा दाबून बघावं म्हटलं.’

मी लॅपटॉपकडे धावलो आणि मदतनिसाला सगळं लिहून सांगितलं. कुलूप काढायला तूच सांगितलंस, हेही सांगितलं. ‘तुमचं निरीक्षण अगदी अचूक आहे!’ तो म्हणाला. ‘अशा ठिकाणी कुलूप असणं अत्यावश्यक असतं. दुसरा मेसेज पाठवू का?’ मी लॅपटॉप धाडकन मिटला. त्या आवाजाने तट्टू बिचकलं आणि त्याने औषधांच्या खोलीच्या दाराला लाथ मारली.

मग मात्र बायको पुढे झाली. तिने एका हाताने मला बाजूला केलं, वेटिंग रूममधलं वजनाचं यंत्र ओढून दारात आणलं आणि त्यावर उभी राहिली. ‘ऐका सगळे!’ ती म्हणाली. एवढा आवाज मी लग्नानंतर फक्त एकदा ऐकला होता, तोही मला उद्देशून.

‘साथ-बीथ काही आलेली नाही. मेसेज चुकून गेलाय. चूक आमची आहे, आणि त्याबद्दल मी तुमची माफी मागते.’ ‘आमची’ म्हणताना तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘आता आलाच आहात तर कोणालाही तसंच परत पाठवणार नाही. कुत्रे अंगणात डावीकडे, मांजरं आतल्या खोलीत, पक्षी माझ्या टेबलापाशी. तट्टू बाहेर न्या. आणि ज्यांचा प्राणी कालपासून खात नाहीये किंवा ओकतोय, त्यांनी हात वर करा.’

आईने हात वर केला. ‘आई, तो सकाळी दोन वाट्या दूध प्यायलाय!’ मी म्हणालो. आईने हात खाली घेतला.

मागे फाटकापाशी एक मुलगी हात वर करून उभी होती. तिच्या कडेवर म्हातारं कुत्रं होतं आणि त्याचं पोट फुगून टणक झालं होतं. बायको उतरली, गर्दीतून थेट तिच्याकडे गेली, पोटाला हात लावला आणि म्हणाली, ‘याला आधी. आत्ता!’

‘माझी पाचची वेळ होती,’ मुलगी रडायलाच आली होती. ‘म्हटलं तोवर बरं वाटेल. मोजा गिळलाय त्याने बहुतेक.’

टेबलावर कुत्रं ठेवलं. बायकोने डुगडुगणाऱ्या पायाखाली स्वतःची चप्पल सरकवली आणि इंजेक्शन भरायला घेतलं. आता बाहेर एवढी गर्दी आणि आत ऑपरेशन! मदतीला कोणी नाही. मी पुढे झालो. ‘मी काही…?’

‘तू कशालाही हात लावू नकोस,’ ती म्हणाली.

तेवढ्यात कोपऱ्यातली खुर्ची सरकली. मोठ्या बाई उठल्या, हात धुतले, हातमोजे चढवले आणि बायकोच्या समोर टेबलाशी उभ्या राहिल्या. ‘तू सांग,’ त्या म्हणाल्या. ‘मी धरते.’

मला बाहेर काढण्यात आलं. अंगणात मी काय काय केलं ते विचारू नका. आजोबांचा पोपट खांद्यावर घेतला. कासवाचा टब भरला. साखळ्या सोडवता सोडवता स्वतःच एका झाडाला बांधला गेलो, मग आईने सोडवलं. प्रत्येकजण विचारत होता, ‘हा सर्व्हर कोणी केला हो?’ मी म्हणत होतो, ‘चौकशी चालू आहे.’

कुत्रं वाचलं. मोजा निघाला, लाल पट्ट्यांचा. मुलगी बायकोच्या गळ्यात पडून रडली, बायको पण रडली आणि मला तर कधीच सुरुवात झाली होती. मग उन्हं उतरेपर्यंत एकेक प्राणी आत जात राहिला. शेवटचा आमचा बोका. त्याला काहीही झालेलं नव्हतं. त्याचं वजन जास्त निघालं.

सगळं आवरल्यावर बाई खुर्चीत बसल्या. बायको समोर उभी, एका पायात चप्पल, कपाळावर केस चिकटलेले.

‘मी शांत दिवस बघायला आले होते,’ बाई म्हणाल्या. ‘शांत दिवशी दवाखाना कोणीही चालवतं, ते साखळीवालेसुद्धा. आज तू एकालाही परत पाठवलं नाहीस, आणि एवढ्या गर्दीतून बरोब्बर आजारी जीव उचललास. सोमवारी वकिलाकडे जाऊ. दवाखाना तुझा.’

बायको मटकन खाली बसली. मला राहवेना! मी म्हणालो, ‘आणि बाई, तो मेसेज गेला नसता तर ते कुत्रं पाचपर्यंत थांबलं असतं. म्हणजे एका अर्थी बघायला गेलं तर सर्व्हरने…’

दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. एकीकडे चष्मा होता, दुसरीकडे नव्हता, बाकी काही फरक नव्हता. मी वाक्य तिथेच सोडलं.

‘माझी एकच अट आहे,’ बाई बायकोला म्हणाल्या. ‘इथून पुढे वेळ माणसाने द्यायची. एका वेळी एकाला. आणि तो माणूस फुकट मिळत असेल तर उत्तम.’

तर सध्या शनिवारचा सर्व्हर मी आहे. दवाखान्याच्या दारात खुर्ची, समोर फळा, हातात खडू. लोक येतात, मी फळ्याकडे बघतो आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगतो. एकाचं नाव लिहून झाल्याशिवाय दुसऱ्याकडे बघतसुद्धा नाही. लेटेस्टला हे सांगितलं तर तो हसला नाही, उलट गंभीरपणे म्हणाला की जग पुन्हा याच दिशेने चाललंय.

काम मला जमायला लागलंय, हे मी अगदी छातीठोकपणे सांगणार होतो. पण परवा दवाखान्याबद्दल लोकांनी लिहिलेले अभिप्राय सहज वाचायला घेतले. डॉक्टरांचं भरभरून कौतुक, स्वच्छतेचं कौतुक, सगळीकडे पाच तारे! फक्त एका ठिकाणी दोनच. खाली लिहिलं होतं: ‘डॉक्टर सोन्यासारखी आहे. दारात बसवलेला माणूस सभ्य आहे, पण फार हळू. मधेच चहाला उठतो. याच्यापेक्षा ते गोल चक्र बरं होतं.’

कोण हा कृतघ्न, म्हणून मी नाव बघितलं. शेजारी आमच्या बोक्याचा फोटो होता. अभिप्राय आईचा होता!